डोंगरावरची शर्यत : पोरांची की आईबापांची?

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास माझी धाकटी मुलगी उताराला पडली. वय १३. शर्यतीची दुसरी फेरी चालली होती. मुरमाड उतार, खाली डावीकडं वळण आणि वळणावर लिंबाएवढे सुटे खडे. पुढचं चाक घसरलं, पोरगी एका अंगाला आणि सायकल दुसऱ्या अंगाला. मी दोरीच्या अलीकडं उभा होतो. दोरी ओलांडून पळत गेलो. आणि वाचकहो, खरं तेच लिहितो, माझ्या तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते असं : ‘‘सायकलला काय झालं बघू!’’

पोरीनं डावा हात पोटाशी धरला होता. ती रडली नाही, बोललीही नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली. मागून पंच ओरडत होता, आत शिरू नका म्हणून. मी सायकल उभी केली, पुढचं चाक फिरवून बघितलं, ब्रेक दाबून बघितला. मग कुठं मला तिचं मनगट दिसलं. ते सुजायला लागलं होतं.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. मनगट बरं झालं, सायकलीच्या दांडीवरचा ओरखडा मात्र आहे तसा आहे. मी अजून कुणाला ही गोष्ट सांगितली नव्हती, घरातसुद्धा नाही. आज पेपरात लिहितोय, कारण आमच्या कोरेगाव तालुक्यात आणि आसपासही या माउंटन बाइकच्या शर्यतींचं वेड आता शेतकऱ्याच्या घरात शिरायला लागलं आहे. शहरातली पोरं होती तोवर आपण लांबून बघत होतो. आता आपली पोरं दोरीच्या आत आहेत आणि आपण दोरीच्या बाहेर. त्या बाहेरच्यांबद्दल मला बोलायचं आहे.

मी काही खेळाडू नव्हे. चार एकर रान, त्यात दीड एकर आलं, बाकी ऊस, घेवडा आणि सोयाबीन. सायकलीशी माझा संबंध म्हणजे हायस्कूलला जायची काळी बावीस इंची, थोरल्या भावाची उतरलेली. मागं कॅरेजवर मित्र, पुढं दांडीवर धाकटी बहीण, आणि चढ आला की सगळे खाली उतरून ढकलणार. शर्यती म्हणाल तर पेपरात वाचलेल्या. मुंबई-पुणे सायकल शर्यत, बोरघाट, ‘घाटाचा राजा’ हे शब्द आमच्या पिढीला पाठ होते. शेजारच्या सांगलीच्या पोरांनी त्या शर्यतीत नाव काढलं, तेव्हा आम्हालाच बक्षीस मिळाल्यासारखं वाटायचं. पण ती डांबरी रस्त्याची शर्यत.

ही वेगळी. डोंगराच्या अंगावर दोन-तीन किलोमीटरची गोल वाट आखतात. मोठ्यांना याहून लांब असते. वाट मेंढरांच्या पायवाटेएवढी अरुंद. चढ, उतार, मध्येच दगडगोटे, कुठं हातभर उंचीवरून खाली उडी. वयाप्रमाणे फेऱ्या ठरलेल्या. सायकल बिघडली तर आपली आपण दुरुस्त करायची, नाहीतर हातात धरून ठरलेल्या जागेपर्यंत चालत यायचं. बाहेरच्यानं मध्येच हात लावला की स्वार बाद. पाण्याची बाटलीसुद्धा आखून दिलेल्या पट्ट्यातच द्यायची. ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९९६ च्या अटलांटापासून आहे. पॅरिसला २०२४ साली ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं पुढचं चाक भर शर्यतीत पंक्चर झालं. चाक बदलायच्या जागेपर्यंत तो तसाच आला, चांगला अर्धा मिनिट मागं पडला आणि तरी शेवटी सोनं घेऊन गेला. त्याला चाक बदलून द्यायला माणूस होता. आमच्या पोरीच्या चाकात सराटा घुसला तर तिच्याजवळ एक ट्यूब, एक पंप, आणि दोरीपलीकडून बापाचा आरडाओरडा.

तर हे आमच्या घरात शिरलं कसं? शाळा घरापासून चार किलोमीटर, वाटेत एक खडी चढण. पोरगी ती न उतरता चढायची. शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी हे बघितलं आणि कुणाची तरी गिअरची सायकल मागून आणून तिला एका स्पर्धेत उतरवलं. ती तिसरी आली. बक्षीस म्हणून एक प्लास्टिकची ढाल आणि प्रमाणपत्र मिळालं. त्या संध्याकाळी चारचौघांत मी जरा जास्तच बोललो असेन. २०२३ साल होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या सातारच्या अदिती स्वामीनं वयाच्या १७ व्या वर्षी बर्लिनला तिरंदाजीचं जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. त्याआधी २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली होती. संगमनेरच्या प्रणिता सोमणनं तर याच माउंटन बाइकच्या राष्ट्रीय स्पर्धांत पदकं आणली. गावाकडच्या पोरी हे करू शकतात, हे आता सांगावं लागत नाही. पण त्यामुळं झालं काय, की प्रत्येक बापाला आपली पोरगी रात्री झोपेत बर्लिनला गेलेली दिसायला लागली. मलाही दिसली.

त्याच वर्षी आल्यानं हात दिला. ज्यांनी आलं केलंय त्यांना ठाऊक आहे, पाचशे किलोच्या एका गाडीला काय भाव निघेल हे देवालाही सांगता येत नाही. कधी काढणीची मजुरी अंगावर येते, कधी घर बांधून होतं. २०२३ ला भाव तेजीत होता. त्या पैशांतून आणि थोडे पतसंस्थेतून उचलून मी सायकल घेतली. किती रुपयांची, ते लिहीत नाही, लाज वाटते. एवढंच सांगतो की त्या पैशांत एक चांगली दुभती म्हैस दावणीला आली असती. आमच्या आईनं सायकल बघितली आणि विचारलं, ‘‘हिला मागं कॅरेज न्हाई, घंटी न्हाई, चाकावर मडगाड न्हाई, मग एवढं पैसं कशाचं घेतलं रं?’’ यावर मला उत्तर देता आलं नाही.

आता यात एक गोष्ट नीट समजून घ्या. म्हैस दूध देते. सायकल काय देणार? मग माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत. राज्याच्या सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के जागा राखीव आहेत. म्हणजे पोरीनं राज्याला नंबर काढला, पुढं राष्ट्रीय स्पर्धेला गेली, तर कुठंतरी चिकटेल. पोरगी १२ वर्षांची आणि बाप तिला खात्यात चिकटवून मोकळा! हा हिशेब मी एकटाच करतो असं नाही. स्पर्धेच्या ठिकाणी दोरीला टेकून उभ्या असलेल्या आईबापांत निम्मं बोलणं प्रमाणपत्राचं असतं. कुठल्या संघटनेचा कागद चालतो, कुठला चालत नाही, पडताळणीला काय लागतं. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात उघडकीला आली ती उगीच नाहीत. पोरांना चढण दिसते, आईबापांना शिक्का दिसतो.

आणि आरडाओरडा. आमच्याकडच्या बैलगाड्यांच्या शर्यतीत फार ओरडतात असं शहरातली माणसं म्हणतात. त्यांनी एकदा बारा-चौदा वर्षांच्या पोरांच्या सायकल शर्यतीला यावं. ‘दाब!’, ‘ओढ!’, ‘मेला काय?’, ‘तिला मागं टाक!’ एका बापानं तर शर्यत संपल्यावर पोराला माणसांत पाठीत गुद्दा घातला, पाचवा आला म्हणून. पोरगं दहा वर्षांचं असेल. हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. आम्ही सगळे बघत होतो आणि कुणी काही बोललं नाही. मीही नाही. ज्यानं स्वतः आदल्या स्पर्धेला पोरीला घरी येईपर्यंत गाडीत टाकून बोललं होतं, तो कुठल्या तोंडानं बोलणार?

बैलगाड्यांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. शर्यतीला सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी दिली आणि २०२३ च्या मेमध्ये राज्याचा कायदा कायम केला, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ती परवानगी फुकट मिळाली नाही. हजार मीटरच्या वर पळवायचं नाही, बैलाला चाबूक-काठी लावायची नाही, पशुवैद्यकाचा दाखला पाहिजे, अशा अटी आल्या. आणि अटी यायच्या आधीपासून आमच्या लोकांना एवढं कळत होतं की आदत, दुसा, चौसा हे एकत्र पळवत नाहीत. दात बघून गट पाडतात. कोवळ्या खोंडाला कुणी जाणता माणूस जुंपत नाही, खांदा मोडतो. हे सगळं बैलाच्या बाबतीत ज्याला कळतं, तोच माणूस पोराच्या बाबतीत कसा काय विसरतो?

पोरांच्या शर्यतीत वय वर्षावर धरतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेली आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेली एका गटात. कागदावर वय एकच, प्रत्यक्षात अकरा महिन्यांचा फरक. मोठ्या माणसात अकरा महिने काहीच नाहीत. बारा-तेरा वर्षांच्या पोरात अकरा महिन्यांत खांदे रुंदावतात, मिसरूड फुटतं, पायात ताकद येते. जो आधी वाढला तो पुढं, जो मागनं वाढणार तो मागं, आणि आईबाप समजतात की आपलं पोर कच्चं. त्यात पुन्हा वय चोरणारे आहेतच. आमच्या पिढीत निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा. शाळेत गुरुजींनी जी तारीख घातली ती घातली, त्यात कुणाचं लबाडीचं मन नव्हतं. आता जन्म दवाखान्यात होतो आणि नोंद लगेच होते, तरी दाढी फुटलेलं पोरगं लहान गटात उभं दिसतं. हे पंचांनाही दिसतं.

आता मूळ गोष्टीकडं येतो. पोरगी पडली तिथं डॉक्टर नव्हता. रुग्णवाहिका येणार होती, ती वाटेत होती म्हणे. एका स्वयंसेवकानं बर्फाची पिशवी शोधली, ती सरबताच्या गाडीवर मिळाली. स्पर्धा कुणी भरवली होती ते मी लिहीत नाही. ती माणसं वाईट नव्हती, स्वतःच्या खिशातले पैसे घालून उभी होती. पण पन्नास-साठ पोरं दगडांच्या उतारावरून सोडायची आणि जवळ एक डॉक्टर नाही, हे चालणार नाही. बैलाला दाखला लागतो आणि पोराला लागत नाही, याला काय म्हणायचं? पुढं तालुक्याच्या गावी नेल्यावर हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि मला समजावून सांगितलं. पोरांच्या हाडांच्या टोकाशी वाढीचा भाग असतो, तो कुर्च्यासारखा मऊ असतो. मार त्याच्यात गेला आणि दुर्लक्ष झालं तर हाड पुढं वाकडं वाढू शकतं. म्हणून ‘मुरगळलंय, हळद लावा’ म्हणून सोडायचं नाही. डोक्याला मार लागून पोर गांगरलं, चक्कर आली, ओकारी झाली, तर त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसवायचंच नाही, मग फेरी एकच का राहिलेली असेना. हे ऐकताना मला आठवत होतं ते हे की मी तिला पडल्या जागी विचारलं होतं, ‘‘बसतीस का परत?’’ आमचं नशीब म्हणून वाढीच्या भागाला मार नव्हता. पाच आठवडे प्लास्टर राहिलं.

दुसरी एक गोष्ट आहे, ती पुरुषांच्या ध्यानात येत नाही. माझ्याही आली नव्हती, पोरीच्या आईनं सांगितली. पोरी शर्यतीच्या आधी पाणी पीत नाहीत. का? डोंगराच्या पायथ्याला संडास-बाथरूमची सोय नाही. पोरं कुठंही आडोशाला जातात. पोरी पहाटे पाचला घरातून निघतात, गाडीत पाणी नाही, तिथं पोचल्यावर पाणी नाही, दहाच्या उन्हात शर्यत. मग पोटऱ्यांना गोळे येतात, डोळ्यांपुढं अंधारी येते आणि आपण म्हणतो पोरींना दम नाही. वाचकहो, मंडप, स्पीकर, पाहुण्यांसाठी फेटे, सगळं येतं. कापडाच्या चार भिंती उभ्या करून आडोसा करायला किती खर्च येतो? ज्या स्पर्धेत पोरींची सोय नाही, तिथं माझी पोरगी जाणार नाही, हे मी ठरवून टाकलं आहे. बाकीच्यांनीही ठरवावं.

आणखी एक नियम मला खटकतो. मोठ्यांच्या शर्यतीत ८० टक्क्यांचा नियम असतो. पुढच्या स्वाराला फेरीला दहा मिनिटं लागत असतील, तर त्याच्या आठ मिनिटं मागं पडलेल्याला बाहेर काढतात. कारण बरोबर आहे, वाट अरुंद असते, पहिल्या नंबरवाल्याला मागच्यांची आडकाठी नको. पण हाच नियम बारा वर्षांच्या पोरांना लावतात तेव्हा काय होतं? पाटणच्या डोंगरातलं एक पोरगं साधी जड सायकल घेऊन आलं होतं. बरोबर त्याचा चुलता, येण्याजाण्याला पिकअपचं भाडं दिलेलं. पहिल्या फेरीत साखळी उतरली, ती चढवण्यात वेळ गेला, आणि दुसऱ्या फेरीला शिट्टी वाजवून त्याला बाजूला घेतलं. शर्यत संपली. पोरगं इतकं लांबून आलं आणि वीस मिनिटं सायकल चालवून परत गेलं. जाताना सायकलीची साखळी चुलत्यानं चिंधीनं पुसून घेतली. ते पोर पुन्हा येईल असं मला वाटत नाही. वाट थोडी रुंद ठेवा, दोन गटांत अंतर ठेवा, वेळ लागू द्या. लहान पोरांना शेवटपर्यंत जाऊ द्यावं, त्यात कुणाचं काय जातं?

सायकलीच्या किमतीचं तर बोलायलाच नको. बाजारात दहा-बारा हजाराला शॉकअप लावलेली ‘डोंगरी’ सायकल मिळते. दिसायला झकास, पण शॉकअपमध्ये स्प्रिंग सोडून काही नसतं आणि वजन पोराच्या निम्मं. दुसरीकडं कार्बनच्या सायकली लाखांत. शहरातल्या अकादमीची पोरं त्यावर येतात. त्यांच्या चाकात ट्यूबच नसते, पातळ डिंकासारखं औषध असतं, काटा लागला तर भोक आपोआप बुजतं. आपली पोरं खाली बसून थुंकी लावून भोक शोधतात. मग आपण म्हणतो, पोराला तसली सायकल घेतली पाहिजे. मीही तेच म्हणालो आणि घेतली. आणि त्या दिवसापासून सायकलीची किंमत पोरीच्या डोक्यावर बसली. जोरात उतरायला ती भ्यायची ती पडण्याला नव्हे, सायकलीला काही होईल याला. हे तिनं मला प्लास्टर असताना एका रात्री सांगितलं. मी आल्याचं बियाणं निवडत बसलो होतो. मान वर केली नाही.

आता गंमत बघा. हा खेळ जन्माला आला तो भंगारातल्या सायकलींवर. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मरिन म्हणून जिल्हा आहे, तिथं माउंट टॅमल्पाइस नावाचा डोंगर. १९७० नंतरच्या वर्षांत तिथली काही पोरं जुन्या, जाड टायरच्या, एका गिअरच्या सायकली गोळा करून डोंगरावर न्यायची आणि खाली सोडायची. ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात, पायंडल उलटा दाबला की लागणारा. उतरताना तो एवढा तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली आल्यावर तुंबा उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं, म्हणून त्या उताराच्या शर्यतीचं नावच पडलं ‘रिपॅक’, म्हणजे पुन्हा भरणे. पहिली शर्यत १९७६ ची. आपल्या गावातला सायकल दुकानदार हे ऐकून हसला. म्हणाला, ‘‘म्हंजी आपण लहानपणी टेकाडावरनं उतरायचो तेच की!’’ तेच. फरक एवढाच की त्यांच्या त्या खेळाचं पुढं जगभर झालं. त्याच भागात २००१ साली हायस्कूलच्या पोरांची शर्यतींची लीग सुरू झाली आणि २००९ साली तिची देशपातळीवर संघटना झाली. त्यांचा एक रिवाज मला फार आवडला. संघात आलेलं कुठलंही पोर राखीव म्हणून बाकावर बसवत नाहीत, प्रत्येक जण शर्यतीत उतरतो. पैसेवाल्यांचा देश, तिथंही खर्चाची ओरड आहेच म्हणा. पण बाकावर कुणी नाही, हे चांगलं.

आपल्याकडं काय कमी आहे? डोंगर आहेत. जरंडेश्वरापासून कल्याणगडापर्यंत नुसत्या पायवाटा. पोरं रोज पाच-पाच किलोमीटर सायकल मारत शाळेला जातात. मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत तर आठवी ते बारावीच्या मुलींना सरकारनं शाळेसाठी सायकली दिल्या. त्या साध्या, बिनगिअरच्या, पुढं टोपली लावलेल्या. माझं म्हणणं असं की तालुक्याच्या पातळीवर अशा साध्या सायकलींची वेगळी शर्यत का असू नये? गिअर नाही, शॉकअप नाही, ज्या सायकलीवर पोर शाळेला येतं तीच. ब्रेक चांगले आहेत का आणि डोक्याला हेल्मेट आहे का, एवढंच तपासायचं. हेल्मेट शाळेनं दहा-वीस घेऊन ठेवावीत, आळीपाळीनं वापरावीत. वाट त्या सायकलीला झेपेल अशी, दगडांच्या उड्या नकोत. मग कुणाच्या पायात काय आहे ते दिसेल. आत्ता दिसतं ते कुणाच्या बापाच्या खिशात काय आहे ते.

वाट आखताना मात्र एक जपा. आमच्या कोरेगाव तालुक्यात २०१६ साली पहिली वॉटर कप स्पर्धा झाली, राज्यात तीनच तालुके होते, त्यातला हा एक, आणि वेळू गावानं पहिला नंबर काढला. त्या उन्हाळ्यात आम्ही बायकापोरांसह डोंगरावर चर खोदले. समतल चर म्हणजे काय मेहनत असते हे ज्यानं मुरमात टिकाव मारला त्यालाच माहीत. सायकली चराच्या बांधावरून सारख्या गेल्या तर बांध खचतो आणि पहिल्या पावसाला पाणी तिथून फोडून निघतं. एका ठिकाणी असं झालेलं मी बघितलं आहे. गावातल्या म्हाताऱ्यांनी शर्यतवाल्यांना शिव्या दिल्या, बरोबर दिल्या. वाट चराला आडवी काढू नये, पावसाळ्यात ओल्या रानात शर्यत घेऊ नये, आणि वनखात्याची हद्द असेल तर आधी परवानगी घ्यावी. गुराख्यांनाही विचारावं. डोंगर त्यांचा रोजचा आहे, आपण रविवारचे.

काही जण म्हणतील, सगळं सौम्य करून टाकलं तर पोरं पुढं कशी जाणार? नंबराची ईर्ष्या नको तर मग शर्यत कशाला? यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. आमच्या पोरीला जिंकायला आवडतं. तिसरी आली तेव्हा ती दुसऱ्या नंबरवालीच्या चाकाकडं बघत होती, ढालीकडं नाही. ती ईर्ष्या तिची आहे, ती असू दे. पण माझी ईर्ष्या, पतसंस्थेचा हप्ता, आल्याचा पुढं पडलेला भाव आणि खात्यातली नोकरी, हे सगळं तिच्या सायकलीच्या कॅरेजवर मी बसवलं, आणि सायकलीला तर कॅरेजच नव्हतं. चौदा वर्षांखालच्या पोरांना प्रमाणपत्र द्या, ढाल द्या, पण तो कागद नोकरीला किंवा गुणांना कुठंच धरू नका. मग बघा, दोरीपलीकडची निम्मी गर्दी गप्प होते की नाही. ज्यांना चढण आवडते ती पोरं तरीही येतील.

प्लास्टर निघाल्यावर पोरगी दोन महिने सायकलकडं फिरकली नाही. सायकल पडवीत गोणपाट टाकून ठेवलेली. मी विषय काढला नाही. फार वेळा तोंडावर आलं, गिळलं. विकून टाकावी असंही मनात आलं, एकानं किंमतही विचारली. मग एका सकाळी गोणपाट बाजूला पडलेलं दिसलं आणि पोरगी घरात नव्हती. तासाभरानं आली, गुडघ्यापर्यंत धूळ, चाकात कुसळं अडकलेली. आजीनं विचारलं, ‘‘कुठं गेली होतीस गं भवाने?’’ तर म्हणाली, ‘‘वरच्या खडीपर्यंत.’’

आता पुन्हा स्पर्धेला जायचं म्हणते. तिनं मला अट घातली आहे. ‘‘पप्पा, तुम्ही उताराला उभं राहायचं नाही. बाटलीच्या पट्ट्यात थांबायचं. आणि बोलायचं काहीच नाही.’’ मी म्हटलं, बरं. आईला म्हणे बोलायची परवानगी आहे. सध्या संध्याकाळी धार काढून झाली की अंगणात माझी शिकवणी असते. बाटली वरून दोन बोटांत हलकी धरायची, हात लांब करायचा, पाय मागं ठेवायचे, आणि ती जवळून जाताना तिच्याबरोबर दोन पावलं चालायचं, म्हणजे हिसका बसत नाही. परवा चार वेळा बाटली खाली पडली. पाचव्या वेळी तिनं घेतली.